भंडाऱ्याचं बोट

धोंडुबाईच्या घरात कोणतीही नवी वस्तू आली की तिला आधी बिरोबापुढं हजेरी द्यावी लागायची. मग ती केरसुणी असो नाहीतर ट्रॅक्टर. देवळीत पितळेची डबी, डबीत भंडारा, म्हणजे देवाची हळद. त्यात बोट बुडवायचं, वस्तूला टेकवायचं, बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणायचं, आणि मगच ती वस्तू घरची झाली. तोवर ती परक्याची. लेकाच्या पलटणीतल्या ट्रंकेला म्हातारीनं बोट लावलं, गॅसच्या शेगडीला लावलं, सुनेच्या मोबाईलला तर असं मन लावून लावलं की त्याच्या भोकात हळद बसली आणि पलीकडच्या माणसाचा आवाज कितीतरी दिवस नाकातून येत राहिला. सून कुरकुरली. पण म्हातारीला हटकायची बिशाद कुणाची?

कवठे महांकाळच्या पूर्वेला, माळावरच्या वस्तीवर तिचं घर. वय विचारलं तर म्हणायची, "बहात्तरच्या दुष्काळात मी शेरडं वळत हुते, आता तुमीच मोजा." काटक बाई. हनुवटीवर गोंदण, कासोट्याचं लुगडं, आणि पाय असे की पायताण झिजायचं पण टाच झिजायची नाही. निम्मा जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की तिचा नवरा भाऊसो मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा, आणि ही घोड्यावर बिऱ्हाड लादून, कोकरं पाटीत घालून मागनं चालायची. बागाईतदारांच्या रानात मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, पुढच्या गावाला निघायचं. आता माळावर कालव्याचं पाणी आलं, द्राक्षाचे मांडव उभे राहिले, मेंढरं विकली गेली. भाऊसोही गेला. कपाळाचं कुंकू गेलं. पण भंडाऱ्याला सवाष्ण-विधवा नसते, म्हणून तेवढं एक बोट तिच्या कपाळावर राहिलं होतं.

भाऊसोची एक सवय मात्र ती विसरली नव्हती. बाजाराला गेला की येताना तो तिच्यासाठी पानाचा विडा बांधून आणायचा. ती पाठ करून, पदराआड खायची. मग ओढ्यावर भांडी घासायला गेली की पाण्यात वाकून आपले लाल ओठ बघायची. तो लांबून म्हणायचा, "अंगावर मेंढरांची धूळ आणि तोंडाला पाटलीणबाईचा थाट!" तिला लाजही यायची आणि बरंही वाटायचं. भाऊसो गेला, मागोमाग दाढा गेल्या, आणि पान सुटलं.

तर गेल्या सुट्टीला तिचा लेक तानाजी आला. मिरजेला रेल्वेतून उतरला, सांगलीत वाकडी वाट केली, आणि तिथल्या मोठ्या काचेच्या दुकानातून बायकोसाठी मेकअपचा डबा घेऊन आला. चांगला हौशी गडी. पण दुकानातल्या बाईनं विचारलं, वहिनींचा रंग कसा, तर ह्यानं बिनदिक्कत ठोकून दिलं, गोरा! आता ह्याला प्रेम म्हणायचं का मोतीबिंदू? त्याची बायको माया चांगली सावळी, तुकतुकीत. डब्याच्या पारदर्शक झाकणातनं आतली पावडर बघितली आणि हसत सुटली. म्हणाली, हे लावून लग्नाला गेले तर बाया म्हणतील पिठाच्या गिरणीतनं आली. डबा उघडायचा नाही, सांगलीला गेलो की बदलून आणायचा, असं नवराबायकोचं ठरलं. पावती पिशवीत होतीच. सुट्टी संपली, तानाजी पलटणीत गेला, आणि डबा देवळीत बिरोबाशेजारी बसून राहिला.

म्हातारीनं पहिल्याच संध्याकाळी डब्याला बोट लावलं होतं, पण बाहेरच्या पिशवीला. ती पिशवी मायानं काढून घडी घालून ठेवली. म्हणजे आता डबा बिनभंडाऱ्याचा. हे धोंडुबाईच्या मनाला लागून राहिलं. तसं बघितलं तर जो डबा परत द्यायचा त्याला कशाला हवा भंडारा? पण माणसाच्या मनाला जे करायचं असतं त्याला ते देवाचं नाव बरोबर शोधून काढतं. एका दुपारी माया बचत गटाच्या मीटिंगला गेली होती. वस्तीवर चिटपाखरू नव्हतं. धोंडुबाईनं डबा मांडीवर घेतला, कडेची चिकटपट्टी नखानं हळूच सोडवली आणि स्वतःलाच समजावलं, ट्रॅक्टर आला तवा काय ताडपत्रीला बोट लावलं हुतं? आतल्या जिनसांना लावलं पाहिजे.

एकेक जिनसेला तिनं भंडारा लावला. पावडरीच्या डबीला, काजळाच्या कांडीला. शेवटी लालीची नळी हातात आली. टोपण काढलं, बूड फिरवलं, आणि तो लाल शेंडा वर आला.

तो रंग म्हातारी बघतच राहिली. विड्याचा रंग. भिंतीवर तानाजीचा दाढीचा आरसा होता. तिनं दाराकडं बघितलं, मागच्या दाराकडं बघितलं, आणि लाली ओठांवरनं एकदा फिरवली. मग परत एकदा. आरशात बोळकं झालेलं तोंड होतं, पण ओठ होते ओढ्याच्या पाण्यातले. धोंडुबाई स्वतःशीच हसली. "बघताय न्हवं?" असं काहीतरी पुटपुटली. एवढ्यात परड्यात शेळी ओरडली आणि म्हातारीला घाम फुटला. पदरानं ओठ खसाखसा पुसले, इतके की साल निघायची वेळ आली. लालीचा शेंडा बोटानं सारखा केला, सगळं जिथल्या तिथं ठेवलं. पण ती चिकटपट्टी काही केल्या चिकटेना. मग तिनं टोपल्यातला भात काढला, एक शीत बोटानं चिरडलं आणि त्यानं पट्टी चिकटवली. आयुष्यभर तिनं पोरांची पाठ्यपुस्तकं भाताच्या शितानंच चिकटवली होती.

संध्याकाळी माया आली तेव्हा सासू चुलीपुढं तोंड करून बसली होती. जेवतानाही तिनं मान वर केली नाही. रांडमुंड बाई, नातवंडं खेळवायचं वय, आणि दुपारी आरशापुढं ओठ रंगवती. कुणाला कळलं तर काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार तिच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत राहिला.

मग मिरजेच्या दवाखान्यात डोळे दाखवायचा दिवस आला. धोंडुबाईचा मोतीबिंदू काढून झाला होता, डॉक्टरांनी परत बोलावलं होतं. निघताना मायानं डबा पिशवीत घातला, तशी धोंडुबाई आडवी आली. तिनं नाना परीनं सांगून बघितलं. ऱ्हाऊ दे की, आणलेली वस्तू परत देऊ नये. तुझ्या बहिणीला दे, ती उजळ हाय. देवाजवळ ठेवलेलं माघारी न्हेऊ नये. मायानं ऐकलं नाही. तिचं म्हणणं, नवऱ्यानं हौसेनं आणलंय तर आपल्या अंगाला शोभेल ते घेऊ, त्यात कसला आलाय दोष? बरोबरच होतं तिचं. म्हातारी गप्प बसली, आणि गप्प बसायची ती पहिली खेप.

डोळे दाखवून झाल्यावर दोघी सांगलीच्या त्या दुकानात गेल्या. आपोआप उघडणारं काचेचं दार, थंडगार हवा, आरसेच आरसे. म्हातारीनं जिकडं बघावं तिकडं तिचंच तोंड. माल बदलून घ्यायच्या काउंटरवर एक पोरगी उभी होती. गळ्यात नावाचं कार्ड, प्रांजल म्हणून. वाईकडची होती, सांगलीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची, हे पहिल्या दोन शब्दांतच बोलण्यात आलं. तिनं हसून डबा घेतला, पावती बघितली, डबा उघडला. लालीचं टोपण काढलं आणि तिचं हसू जरा थांबलं. आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पुढं वाकून ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, हे वापरलेलं आहे."

किती सांभाळून बोलली होती पोरगी. पण माया भडकली. भडकणारच की, तिनं तर हातही लावला नव्हता. वापरून परत करायची रीत आमच्या घरात न्हाई, म्हणाली. आम्ही खेड्यातनं आलो म्हणून वाटंल ते बोलाल का, माझा मालक मिलिटरीत हाय, म्हणाली. आवाज चढला तशी माणसं थांबून बघायला लागली. प्रांजल शांतपणे पट्टी दाखवत होती, ही उघडून परत चिकटवलेली आहे, असं म्हणत होती. आणि तेवढ्यात मायाची नजर त्या पोरीच्या तोंडावर गेली. त्या काउंटरवरच्या पोरींना ओठ रंगवूनच उभं राहावं लागतं, तशी तिची नोकरीच. पण रंग नेमका तोच, लाल.

"मग तुझ्या ओठाला काय लागलंय?" माया म्हणाली. "उघडलेला डबा आमच्या गळ्यात मारला, आणि वर आमालाच चोर म्हणतीस व्हय?"

मॅनेजर धावत आला. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडावर हसू, पण डोळे पोरीवर. माल नोकरच वापरतात अशी तक्रार म्हणे आधी कुणीतरी केली होती, तेव्हा त्याला निमित्तच मिळालं. त्यानं ना मायाला काही विचारलं, ना पट्टी नीट बघितली. सगळ्यांच्या देखत म्हणाला, "प्रांजल, तुमची बॅग आणा." तिनं बॅग आणली. त्यानं ती काउंटरवर रिकामी केली. जेवणाचा डबा, कंगवा, घडी घातलेला रुमाल, बायकांच्या दिवसांतलं सामान, आणि एक अर्धी झिजलेली लाल लिपस्टिक. पोरगी म्हणाली, ही माझी आहे सर, मी विकत घेतलीय. गर्दीतनं कुणीतरी हसलं. तिनं ते बायकांचं सामान झाकायला रुमाल ओढला.

आणि धोंडुबाईला एकदम आपलं गाठोडं दिसलं.

चाळीस वर्षं झाली असतील. वाईच्या खालच्या अंगाला एका बागाईतदाराच्या रानात मेंढरं बसवली होती. त्यांच्या घरातली चांदीची वाटी गेली. मग काय, नाव कुणाचं घ्यायचं? पालात राहणाऱ्यांचं. गाव गोळा झालं. तिचं गाठोडं मातीत उलटं केलं, लुगडी झटकली, कनवटी सोडायला लावली. तिचं नवं नवं लग्न झालेलं होतं. बागाईतदाराची सून मागं उभी होती, आणि ती जमिनीकडं बघत होती. वाटी तिनंच माहेरी भावाला दिली होती, सासऱ्याच्या भीतीनं तोंड उघडलं नव्हतं. हे पुढं त्यांच्याच खुरपणीच्या बाईनं येऊन सांगितलं. पण चुकलं म्हणायला पालापाशी कुणी आलं नाही. त्या सुनेला धोंडुबाईनं तेव्हापासून शिव्या दिल्या होत्या. कुठं वाईचं नाव निघालं की म्हणायची, जीभ झडली असंल त्या बाईची.

आता तिची स्वतःची जीभ टाळूला चिकटली होती. तिनं काउंटरची कड घट्ट धरली. बोल की, बोल की, असं आतनं कुणीतरी म्हणत होतं, पण समोर एवढी माणसं, एवढे आरसे, आणि शेजारी सून. प्रांजलनं एकदा तिच्याकडं बघितलं. म्हातारं माणूस आहे, मध्ये पडेल, दोन शब्द बोलेल, एवढीच आशा असेल तिची. धोंडुबाईनं जमिनीकडं बघितलं.

मॅनेजरनं पोरीच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं आणि तिला आत थांबायला सांगितलं. तुमचं काय करायचं ते मोठ्या साहेबांना विचारतो, म्हणाला. मायाची माफी मागितली, सावळ्या रंगाला शोभेल असा नवा डबा दिला, वर एक साबणही दिला. दोघी बाहेर पडल्या.

एसटी स्टँडवर माया बाकावर बसून घाम पुसत होती. बोलत होती पण मन ताळ्यावर नव्हतं. आपण बरोबर होतो, हे ती पुन्हापुन्हा सांगत होती, आणि दर खेपेला आवाज जरा उतरत होता. शेवटी म्हणाली, "पर आत्या, बॅग उलटी करायला नगं हुती त्यानं. लय वंगाळ झालं."

"माया," धोंडुबाई म्हणाली, "ती लाली म्या लावली हुती."

मायाला आधी उमजलंच नाही. मग तिनं सासूच्या तोंडाकडं बघितलं. सरळ ओठांकडं. एवढंसं बघणं, पण म्हातारीला वाटलं आपलं लुगडं कुणी फेडलं. तिनं पदर तोंडावर धरला आणि आडूनच सगळं सांगून टाकलं. बचत गटाची दुपार, भंडारा, आरसा, भाताचं शीत. विड्याचंही सांगितलं, जे तिनं आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं.

मायाच्या तोंडावर हसू येऊ बघत होतं, ते वाटेतच विझलं. "मी त्या पोरीला काय काय बोलले," ती म्हणाली आणि कपाळ धरून बसली. मग घाबरली. परत गेलो तर आपल्यालाच चोर म्हणतील, पावतीवर ह्यांचं नाव आहे, कुणी मोबाईलवर काढून गावभर दाखवलं तर ह्यांना पलटणीत तोंड दाखवता येईल का? झालं ते झालं, आपण एवढ्या लांबच्या, कोण बघतंय. तेवढ्यात त्यांची गाडी लागली. माया उठली.

"तू जा गाडीनं," धोंडुबाई म्हणाली. "मी मागनं येती."

मायानं हाक मारली, पण म्हातारी रस्त्याला लागली होती. मेंढरांमागं चाललेली बाई, तिला वाट एकदा बघितली की पुरे. उन्हातनं ती झपाझप चालली, आणि चालताना काय बोलायचं ते मनात घोळवत होती. काचेचं दार उघडलं तेव्हा मात्र सगळं विसरून गेली.

मॅनेजर काउंटरवरच होता. ती सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "साहेब, त्या पोरीनं काय केलं न्हाई. ती लाली म्या लावली."

मॅनेजरनं तिला नीट न्याहाळलं. लुगडं, गोंदण, बोळकं. आणि तो हसला. वाईट नाही हसला, अगदी कौतुकानं हसला. म्हणाला, "आजी, तुमचं मन मोठं आहे. पण चूक ज्याची त्यानं भोगायची." शेजारी खरेदीला आलेली एक बाई तर गहिवरली. आपल्या लेकीला म्हणाली, बघ, परक्या पोरीसाठी म्हातारी स्वतःवर आळ घ्यायला आलीय, खेड्यातली माणसं अशी असतात. कुणीतरी बसायला स्टूल दिलं. कुणी पाण्याची बाटली पुढं केली.

धोंडुबाईला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. चोर म्हणून धिंडवडे निघतील अशी तयारी करून ती आली होती, आणि इथं तर तिची आरती चालली होती. असल्या म्हातारीला ओठ रंगवायची हौस असेल, हे त्यातल्या एकालाही खरं वाटत नव्हतं. म्हणजे आता नुसतं कबूल करून भागणार नव्हतं. आपल्याला हौस आली होती हे चारचौघांत पटवून द्यावं लागणार होतं.

"मन मोठं न्हाई माझं," ती म्हणाली. "त्यो डबा काढा. पट्टीच्या खाली भाताचं शीत हाय बघा. तुमच्या दुकानात कोण शितानं चिकटवतं का? आनि लालीच्या बुडाला भंडारा हाय. म्या देवाच्या नावानं उघडली आनि आरशात बघून लावली. दोनदा लावली. मला... मला लावू वाटली."

मॅनेजरचं हसू मावळलं. त्यानं परत आलेल्या मालाच्या खोक्यातनं डबा काढला. पट्टी उचलली. खाली वाळलेलं शीत होतं, पांढरं, नखाच्या शेंड्याएवढं. लालीची नळी उलटी केली. बुडाच्या खाचेत पिवळी हळद बसली होती. त्यानं धोंडुबाईच्या कपाळाकडं बघितलं. तोच भंडारा तिथं होता.

मग मघाशी गहिवरलेल्या बाईची लेक फिस्सकन हसली, आणि तिला आईनं गप्प केलं. स्टूल देणारा माणूस दुसरीकडं बघायला लागला. धोंडुबाईचे कान तापले होते. पदर तोंडावर घ्यावा असं हाताला वाटत होतं, पण तिनं हात खाली धरला.

मॅनेजरनं प्रांजलला बाहेर बोलावलं. तिचे ओठ आता कोरे होते, आत बसून पुसून काढले असावेत, भोवतीची कातडी लाल झाली होती. अगदी त्या दुपारच्या धोंडुबाईसारखी. मॅनेजरनं काहीतरी पुटपुटत कार्ड परत दिलं आणि गर्दीला वाट करून द्यायच्या निमित्तानं तिथनं सटकला. पोरीनं कार्ड हातात धरलं, गळ्यात घातलं नाही. तिला सगळं आतनं ऐकू गेलं होतं.

"आजी," ती म्हणाली, "मघाशी तुम्ही इथंच उभ्या होता."

"व्हय."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली गं पोरी."

"आणि मला?"

एवढंच म्हणाली ती. आवाज चढवला नाही, रडली नाही. हाच सवाल त्या बागाईतदाराच्या सुनेला विचारायचा म्हणून धोंडुबाई चाळीस वर्षं मनात घेऊन हिंडली होती. आज तो तिच्यापुढं उभा राहिला.

मागनं एक हात पुढं आला. माया होती. गाडी सोडून ती कधी आली, किती ऐकलं, कुणास ठाऊक. तिनं नवा डबा आणि तो फुकटचा साबण काउंटरवर ठेवला. तिला मान वर करवत नव्हती. "ताई, ह्यो परत घ्या," म्हणाली. "आमचा आमाला द्या."

प्रांजलनं गळ्यात कार्ड घातलं. नवा डबा उघडला, आतली एकेक जिन्नस तपासली, झाकण लावून मागच्या फळीवर ठेवला. मग तो जुना डबा, उघडी पट्टी, वाळलेलं शीत आणि हळद यांच्यासकट, धोंडुबाईपुढं सरकवला.

"हे वापरलेलं आहे," ती म्हणाली. मघाशी म्हणाली होती तसंच, पण या खेपेला तिनं आवाज हळू केला नाही.

"व्हय पोरी," धोंडुबाई म्हणाली, "माझंच हाय." तिनं डबा पदराआड घेतला नाही. दोन्ही हातांत धरून, सगळ्या आरशांपुढनं, ती दाराकडं चालत गेली.